सायलेंट हिल २ : एनहान्स्ड एडिशनवर स्पीडरन कसा बसवायचा

सायलेंट हिल २ या भयखेळाचा स्पीडरन, म्हणजे तो कमीत कमी वेळात संपवण्याचा प्रयत्न, पीसीवर करायचा असेल तर पहिले काही तास खेळात नाही, सेटिंगमध्ये घालवा. मूळ खेळ कोनामीने सप्टेंबर २००१मध्ये प्लेस्टेशन २वर आणला आणि २००२च्या शेवटी तो पीसीवर आला. पीसीची आवृत्ती क्रिएचर लॅब्सने बनवली. त्या काळातल्या एका कोअरच्या प्रोसेसरसाठी ती ठीक होती. आजच्या मशीनवर मात्र तीच आवृत्ती आवाज अडकवते, अधूनमधून बंद पडते, आणि धुकं व सावल्या प्लेस्टेशनवर होत्या तशा दाखवत नाही. २०१२चं एचडी कलेक्शन तर प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६०पुरतंच होतं, आणि तिथे धुक्याचीच वाट लागली होती. हे सगळं चाहत्यांनी वर्षानुवर्षं बसून दुरुस्त केलं. त्या दुरुस्तीचं नाव एनहान्स्ड एडिशन. स्पीडरनच्या दृष्टीने तिचं मोल चित्र सुंदर दिसण्यात नाही. पन्नासाव्या मिनिटाला खेळ बंद पडणार नाही, ही खात्री तिच्यामुळे मिळते.

एनहान्स्ड एडिशन म्हणजे पूर्ण खेळ नव्हे. मूळ पीसी आवृत्तीच्या फाइली तुमच्याकडे असाव्या लागतात. ती आवृत्ती स्टीमवर कधी आली नाही. तिथे मिळतो तो २०२४चा रीमेक, आणि तो वेगळाच खेळ आहे. मूळ फाइली हाती आल्या की त्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नका. विंडोज त्या फोल्डरमध्ये लिहायला आडकाठी करतं, मग सेव्ह आणि सेटिंगच्या फाइली भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात आणि बदललेली सेटिंग लागू का होत नाही, ते कळत नाही. ड्राइव्हच्या मुळाशी साधा फोल्डर करा, प्रकल्पाचं सेटअप टूल त्यात ठेवा आणि चालवा. सुधारित एक्झी (खेळ सुरू करणारी फाइल), मुख्य मॉड्यूल, चित्रांचा, व्हिडिओंचा आणि आवाजाचा असे वेगवेगळे पॅक ते उतरवून घेतं. मुख्य मॉड्यूल म्हणजे खेळाच्या फोल्डरमध्ये बसणारी ‘डी३डी८’ नावाची डीएलएल फाइल. खेळ ग्राफिक्ससाठी तिला हाक मारतो आणि ती मधल्यामध्ये दुरुस्त्या करते. लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनातून) चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: वाइन स्वतःची डीएलएल आधी उचलतं, म्हणून फोल्डरातली उचलायची असं ओव्हरराइड देऊन सांगावं लागतं. नाही सांगितलं तर खेळ सुरू होतो, पण एकही सुधारणा दिसत नाही.

सेटिंग बदलायला सोबत वेगळं कॉन्फिग टूल येतं. तीन गोष्टींकडे नीट पाहा. पहिली, फ्रेम रेट. मूळ पीसी खेळ सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो, एनहान्स्ड एडिशनमध्ये ६० मिळतात. या दोन्हींपैकी एक निवडा आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमधून त्यापलीकडे काही लादू नका. या खेळात हालचालीचा वेग फ्रेमशी बांधलेला आहे. १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर मर्यादा सुटली तर खेळच वेगाने पळायला लागतो आणि तो रन कोणी मान्य करणार नाही. दुसरी, प्रोसेसरच्या कोअरची सेटिंग. आवाज एकाच जागी घुटमळत राहण्याचा जुना रोग कोअरच्या गोंधळातूनच येतो, त्यामुळे प्रकल्पाने दिलेली मूळ निवड बदलू नका. तिसरी, खोल्यांमधला बदल किंवा लोडिंग झटपट करणारे पर्याय. हे वापरावेत की नाही ते तुम्ही ठरवायचं नसतं. लीडरबोर्डाच्या (रनच्या वेळांच्या क्रमवारीच्या) नियमांत एनहान्स्ड एडिशनची कोणती सेटिंग चालते, वेळ कोणत्या क्षणापासून मोजायची, लोडिंग वजा होतं का, क्विक सेव्ह चालतं का, हे सगळं लिहिलेलं असतं. ते आधी वाचा. सेटिंग एकदा ठरली की गोठवा, त्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा आणि अपडेट आलं की लगेच लावू नका. लाइव्हस्प्लिट या वेळ मोजणाऱ्या प्रोग्रामचा ऑटोस्प्लिटर, म्हणजे टप्प्यांची वेळ आपोआप नोंदवणारा भाग, खेळाच्या मेमरीतले ठरावीक पत्ते वाचतो. एक्झी बदलली की पत्ते सरकू शकतात, आणि मग घड्याळ मधेच थांबतं किंवा सुरूच होत नाही. एका हातस्प्लिटची कळ नेहमी तयार ठेवा.

खेळाच्या आतले पर्यायही महत्त्वाचे आहेत. चालणं आणि धावणं यांची अदलाबदल करता येते. ती केली की धावण्याची कळ सतत दाबून ठेवावी लागत नाही. तासभराच्या रनमध्ये बोटाला मिळणारी ही विश्रांती मोठी आहे. नियंत्रणाचे दोन प्रकार आहेत. एकात खेळाचा नायक जेम्स स्वतःच्या तोंडाच्या दिशेने वळतो, दुसऱ्यात कॅमेऱ्याच्या दिशेने. या खेळात कॅमेरा सारखा उडी मारतो, आणि दुसऱ्या प्रकारात प्रत्येक उडीला तुमची ‘पुढे’ ही दिशा बदलते. ओळखीच्या खोल्यांत तो प्रकार चपळ वाटतो, पण लांब बोळांत कॅमेरा पलटला की जेम्स मागे फिरतो. आमच्या मते नवशिक्याने पहिल्या प्रकारानेच सुरुवात करावी. हात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की दगा देत नाही.

अडचणीच्या दोन स्वतंत्र पातळ्या असतात, मारामारीची वेगळी आणि कोड्यांची वेगळी. पहिल्यांदा धावताना मारामारी ‘बिगिनर’वर आणि कोडी ‘ईझी’वर ठेवून वाट पाठ करा. कोड्यांची पातळी बदलली की कवितांचा मजकूर आणि काही उत्तरंही बदलतात, म्हणून एका पातळीची उत्तरं दुसरीवर वापरायला जाऊ नका.

आता वाट. हा खेळ पळण्याने जिंकला जात नाही. कुठे जायची गरजच नाही, हे माहीत असण्याने जिंकला जातो. निरीक्षण कट्ट्यावरून निघाल्यावर जंगलातली पायवाट आणि दफनभूमी यांना आडवाट नाही, तिथे फक्त भिंतीला न घासता पळायचं आणि तिथे भेटणाऱ्या अँजेलाचा प्रसंग सोडून द्यायचा. गावात शिरल्यावर वॉक्स रोडच्या टोकाचा बोगदा करावाच लागतो. तिथे रेडिओ आणि फळी मिळते, पहिला राक्षस भेटतो. त्यानंतर नीलीज बारमधला मजकूर, रस्त्यावरच्या गाडीतली चिठ्ठी, ही सगळी पायपीट पहिल्यांदा खेळणाऱ्याला किल्लीपर्यंत नेण्यासाठी आहे. तुम्हाला किल्ली मार्टिन स्ट्रीटवरच्या मृतदेहापाशी आहे हे ठाऊक आहे, तेव्हा थेट तिथे जा आणि वुड साइड अपार्टमेंटच्या फाटकाकडे वळा.

अपार्टमेंटमध्ये सर्वांत जास्त वेळ सांडतो, कारण दारं खूप आणि बहुतेक बंद. २०५ क्रमांकाच्या खोलीतली बॅटरी आधी घ्या. अंधारात जेम्स नकाशाही वाचत नाही. बॅटरी उचलताच तिथला मॅनेकिन (पुतळ्यासारखा राक्षस) हलायला लागतो, त्याच्याशी लढायचं नाही, दार गाठायचं. ३०१मधलं पिस्तूल वाटेतच येतं, ते घ्या. २०८मधल्या घड्याळात ९:१० लावलं की ते सरकवता येतं आणि भिंतीतल्या भोकातून पुढची वाट मिळते. घड्याळाची किल्ली मात्र २०२मधल्या भिंतीच्या भोकातूनच काढावी लागते. ज्यूसचे डबे कचऱ्याच्या नळीत टाकणंही टाळता येत नाही, कारण पुढच्या कोड्याच्या तीन नाण्यांपैकी एक त्याशिवाय हाती लागत नाही. याउलट पुढच्या ब्लू क्रीक अपार्टमेंटमधल्या शौचकूपात हात घालून काढायचं पाकीट पूर्ण सोडून द्या. त्यातल्या आकड्याने उघडणाऱ्या तिजोरीत फक्त गोळ्या असतात आणि एवढ्या गोळ्या लागत नाहीत. तीन नाण्यांची मांडणी तुमच्या पातळीसाठी आधीच पाठ करा, कविता वाचत बसू नका.

जिन्याखालच्या पाण्यातला पिरॅमिड हेड, म्हणजे मोठी सुरी घेतलेला राक्षस, ठरावीक वेळ टिकलात तर आपणच निघून जातो. गोळ्या लागत राहिल्या तर लवकर जातो. इथे गोंधळ एकाच कारणाने होतो: खेळाडू कोपऱ्यात अडकतो. भोंगा वाजेपर्यंत त्याच्याशी अंतर ठेवून फिरत राहायचं, तो सुरी उचलायला लागला की बाजूला व्हायचं आणि मधल्या वेळेत नेम धरायचा. वरच्या पातळीवर सुरीचा एक घाव रन संपवतो.

ब्रुकहेवन हॉस्पिटल हा रनचा कणा. चार कुलपांच्या पेटीसाठी दोन किल्ल्या आणि दोन आकडे लागतात. एक आकडा गच्चीवरून खाली कोसळल्यावर ज्या खोल्यांत जेम्स पडतो, तिथल्या भिंतीवर रक्ताने लिहिलेला असतो. आकडे त्या त्या वेळी स्क्रीनवर पाहूनच भरा. घाईत चुकीचा टाकला तर पुन्हा सगळी कुलपं पाहण्यात वेळ जातो. पेटीतला केस आणि वाकलेली सुई जोडून न्हाणीघराच्या मोरीतून लिफ्टची किल्ली ओढून काढायची. या वस्तू कोणत्या क्रमाने उचलायच्या हे कागदावर लिहून मजल्यांनुसार एकच फेरी बसवा. एकच मजला दोनदा चढलात, तर वाचवलेले सगळे सेकंद तिथेच गेले. जेम्सची सोबतीण मारिया बरोबर असताना तिची वाट बघत दाराशी थांबायची गरज नाही, ती खोली बदलताच मागे येते. पण ती मेली तर खेळ संपतो. त्यामुळे ती जवळ असताना पिस्तूल आणि लाकडी फळी दोन्ही जपून चालवा. पिरॅमिड हेड मागे लागतो त्या बोळात तर मागे वळून पाहूच नका.

रात्रीच्या गावात रोझवॉटर पार्कमधल्या प्रार्थना करणाऱ्या स्त्रीच्या पुतळ्यापाशी किल्ली मिळवायची आणि हिस्टॉरिकल सोसायटी गाठायची. तिथून पुढे भोकांत उडी मारण्याचे प्रसंग एकामागून एक येतात. प्रत्येक वेळी हो-नाही विचारलं जातं. कळ भराभर दाबत राहिलात तर एखाद्या चौकटीत नको तो पर्याय निवडला जातो आणि सगळा प्रश्न पुन्हा येतो. कर्सर बघून एकदाच दाबा. तुरुंगात तीन शिळा, मग नाल, मेणाची बाहुली आणि लायटर एकत्र करून झाकणाला मूठ बसवणं, हे मेनूतलं काम आहे आणि त्याचा सराव मेनूतच करायचा. चक्रव्यूहातला फिरणारा घन आणि सहा फाशीवाल्यांचं पातळीनुसार बदलणारं कोडं, दोन्ही तोंडपाठ हवं.

बोटीचा टप्पा अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण शेवटच्या निकालपत्रात त्याची वेळ आणि सर्वाधिक वेग वेगळे छापले जातात, यावरून काय ते ओळखा. पलीकडच्या दिव्यावर नाक धरलं की लहान सुधारणा करत राहा. मोठा वळसा घेतलात तर बोट वेग गमावते आणि तो परत यायला वेळ लागतो.

हॉटेलात तीन संगीतपेट्यांच्या वस्तू गोळा करताना खोल्यांचा क्रम चुकू देऊ नका. नोकरांची लिफ्ट वजन पेलत नाही, म्हणून सगळं सामान कपाटावर ठेवून उतरावं लागतं. परतताना ते उचलायचं विसरलात तर शेवटच्या लढायांत हात रिकामे राहतात. दोन पिरॅमिड हेडच्या लढाईतही पहिल्यासारखंच आहे, पुरेसा मार बसला की ती दोघं स्वतःच संपवून घेतात, म्हणून एकाच्या मागे न लागता जो समोर येईल त्यावर गोळ्या घाला. रायफल इथे आणि शेवटच्या लढाईतल्या मेरीसाठी राखून ठेवा. हॉस्पिटलनंतर गोळ्या जपल्या नाहीत तर ही जागा सर्वांत महागात पडते.

एकदा खेळ पूर्ण केल्यावर नव्या फेरीचे प्रकार उघडतात. चेनसॉ जंगलाच्या वाटेवरच मिळते, गोळ्या दुपटीने-तिपटीने मिळण्याची सोय पर्यायांत येते. ‘डॉग’ नावाच्या शेवटासाठी आधी तिन्ही साधे शेवट किंवा पुनर्जन्माचा शेवट पाहिलेला असावा लागतो. तो हॉटेलातल्या निरीक्षण खोलीतच संपतो आणि शेवटच्या लढाया टळतात, म्हणून त्याचा बोर्ड वेगळाच असतो. तो साध्या शेवटाच्या रनशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सरावासाठी पीसीतलं क्विक सेव्ह वापरा. पूर्ण रन पुन्हा पुन्हा काढण्यापेक्षा हॉस्पिटलचा एक मजला एवढाच तुकडा घेऊन तो न चुकता बसेपर्यंत चालवा, मग पुढचा. स्प्लिटही याच तुकड्यांवर पाडा: बोगदा, अपार्टमेंट, जिना, हॉस्पिटल, पलटलेलं हॉस्पिटल, सोसायटी, तुरुंग, चक्रव्यूह, एडीशी लढाई, बोट, हॉटेल, शेवट. यापेक्षा बारीक पाडलेत तर वेळ कुठे गेला ते कळण्याऐवजी आकड्यांकडे बघण्यातच लक्ष जातं.