कोबीचा दिवस

कालपासून एक वाक्य डोक्यातून जातच नाहीये. रात्री जेवताना धाकटी म्हणाली, "आई, कोबी केलास म्हणजे आज तू दमलीयस ना?" अगदी सहज, पोळीचा तुकडा मोडता मोडता, आणि लगेच बसमधलं काहीतरी सांगायला लागली. नवरा हसला. मी पण "नाही गं" म्हणून वरण वाढलं. पण ओटा आवरताना परत आठवलं, झोपताना आठवलं, आणि सकाळी डबे भरताना तर फारच.

म्हणजे आमच्याकडे कोबी म्हणजे आईने कसाबसा निभावलेला दिवस, असं ठरलंय का? पनीर केलं की फोटो निघतात, पावभाजी असली की दोघी आधीपासून ओट्याशी घुटमळतात, आणि कोबी गुपचूप ताटात येतो नि गुपचूप संपतो. संपतो मात्र नेहमी, कढईत एक पान उरत नाही. मग कोणी काही बोलत का नाही? काल खरंच रडू आलं मला. ऑफिसचं ते सगळं, त्यात आईचे रिपोर्ट, आणि वर हे. रिपोर्टचं आज लिहीत नाही.

आणि सोपी भाजी म्हणजे लक्ष न घालता होणारी भाजी नव्हे ना. अर्ध्या किलोच्या गड्ड्याला पाव वाटी हरभऱ्याची डाळ मी तासभर आधी भिजत घालते, म्हणजे ऑफिसातून आल्या आल्या, पर्स ठेवायच्या आधी. कोबी बारीक आणि लांब चिरायचा, जाड राहिला की तो एकीकडे कच्चा नि दुसरीकडे गाळ. फोडणीत मोहरी नीट तडतडू द्यायची, मग हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता, त्यावर आधी डाळ, तिला एक वाफ, मगच कोबी. मीठ तो खाली बसल्यावरच, कारण कच्चा ढीग बघून घातलं तर भाजी हमखास खारट होते. कढईत पाणी नाही, पाणी झाकणावर. आणि वेळेत गॅस बंद करायचा, कारण कोबीत गंधक असतं, जास्त शिजवलं की तो उग्र वास घरभर होतो आणि मग लोक म्हणतात आम्हाला कोबी आवडत नाही. त्यांनी कधी नीट केलेला खाल्लेलाच नसतो, असं माझं ठाम मत आहे. डाळ बोटाने दाबल्यावर तुटली पाहिजे, पीठ नाही झालं पाहिजे. वरून चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. एवढं सगळं करते मी, दमलेली असताना सुद्धा.

हे लिहिलं आणि थांबले. दमलेली असताना सुद्धा. म्हणजे ती बरोबरच बोलली की.

खरंच ज्या दिवशी डोकं चालत नाही त्या दिवशी माझा हात कोबीकडेच जातो, कारण त्याला काही ठरवावं लागत नाही. चिरताना हळूहळू श्वास संथ होतो, मोहरी तडतडली की घरात आल्यासारखं वाटतं, मी तर आधीच घरात असते तरीही. वेळ मारून नेणं नाहीये ते. सगळ्यांना गरम वाढायचंय आणि स्वतःलाही थोडं सावरायचंय, दोन्ही त्या एका कढईत होतं. सासूबाईंचंही असंच काहीतरी असावं, त्यांच्या हातचा कोबी आठवतो तो कुठल्याही सणाला नाही, मधल्याच कुठल्यातरी संध्याकाळी. त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

आणि धाकटी कोबीला नावं ठेवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. या घरात मी दमलेय हे एवढ्या दिवसांत दुसऱ्या कोणाला दिसलं नाही, तिला ताटातल्या भाजीवरून कळलं. काल मी "नाही गं" म्हटलं. आज संध्याकाळी तिला सांगितलं, हो, दमले होते, आणि कोबी मला आवडतो पण. तर म्हणे, "मला पण, त्यातली डाळ जास्त." बास, एवढंच, आणि गेली खेळायला.

शनिवारी आईकडे जाताना कोबीच नेणार आहे. तिला आता तिखट सोसत नाही, तेव्हा मिरची न घालता नुसतं जिरं आणि खोबरं. डाळ मात्र यावेळी मूठभर जास्त भिजत घालते, धाकटी पण येतेय बरोबर.