किती वेळ दिसलं?

आमच्या विज्ञानाच्या बाईंना कुणी काही नवल सांगितलं, तर "काय होतं ते?" असं त्या कधीच विचारत नसत. किती वेळ दिसलं, कोणत्या दिशेला, किती उंचीवर, एवढंच विचारायच्या. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायला बसलो आणि पहिले आठवले ते हे प्रश्न.

नोव्हेंबर १९९८. मी आठवीत होतो. टेंपल-टटल हा ३३ वर्षांनी फेरी मारणारा धूमकेतू त्याच वर्षी सूर्याजवळून गेला होता आणि त्याने मागे सोडलेल्या कणांमुळे १७ तारखेच्या रात्री सिंह राशीतून उल्कावर्षाव होणार, अशा बातम्या होत्या. वर्गात कुणी शहराच्या उजेडापासून दूर वांगणीला जाणार होतं, कुणी कोपरीला मामाच्या गच्चीवर. मी मात्र १७ च्या पहाटेच आजोबांबरोबर ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. आजोबांना धीर नव्हता, आणि मलाही.

अमावास्या दोन दिवसांवर आलेली, चंद्राचा उजेड नाही. पाच वाजून गेले असतील. एकदम डोक्यावरून येऊरच्या डोंगरांकडे एक हिरवट गोळा सुटला. गच्चीच्या कठड्याची सावली जमिनीवर पडली आणि सरकत गेली! आवाज काहीच नाही. गोळा विझला, तरी मागे फिकट पांढरी रेघ राहिली आणि बघता बघता वाकडी होत गेली. आजोबांनी हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला होता. आज लिहितानाही येतो.

शाळेत सांगितलं तर मुलं हसली. "अरे, वर्षाव आज रात्री आहे!" बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश भरते, हे तेव्हा शिकलो. डोळे मिटून तो गोळा पुन्हा आठवायला लावला आणि स्वतः घड्याळ बघत राहिल्या. गोळा दोन-तीन सेकंद, रेघ काही मिनिटं. फळ्यावर वेळ, दिशा, उंची लिहून सगळ्या वर्गाला ते वहीत उतरवायला सांगितलं. एका मुलाचं सांगणं नोंद म्हणून वर्गाच्या वहीत गेलं, याचं मोल मला फार आहे.

त्या रात्री गच्च्या भरल्या, पण तसले अग्निगोल फारसे दिसले नाहीत. ते आदल्या रात्रीच जगभर दिसून गेले होते. धूमकेतूने १३३३ साली सोडलेले मोठे कण पृथ्वीला आधी भेटले, असं शास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिलं.

२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी, विदर्भातल्या नातेवाइकांनी जळत्या गोळ्यांचा व्हिडिओ पाठवला. कुणी उल्का म्हणे, कुणी क्षेपणास्त्र. मी विचारलं, किती वेळ दिसलं? बराच वेळ, संथ, आणि तुकडे एकामागून एक. सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने येणारी सिंह राशीतली उल्का इतकी रेंगाळत नाही. पृथ्वीभोवती फिरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सात-आठ किलोमीटर असतो. तो चिनी रॉकेटचा टप्पा होता. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला त्याचं सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं.

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीतही एकदा आकाशातून दिव्यांची रांग गेली आणि घबराट झाली. दिवे सारख्या वेगाने चालले होते, लुकलुकत नव्हते, आणि आकाशाच्या मध्यावरच एकेक करून विझत होते. म्हणजे उपग्रह: पृथ्वीच्या सावलीत शिरले की दिसेनासे होतात. २०१९ पासून स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह असे झुंडीने सोडले जातात. शेजारच्या मुलीला मूठ धरायला शिकवलं, तिने उंची मोजली.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव होतो. आठवी-नववीच्या मुलांना त्या रात्री वांगणीला न्यायची, गाडीची आणि चहा-नाश्त्याची जबाबदारी माझी. मुलांनी स्वेटर, घड्याळ आणि वही आणावी.