रमच्या आधी राय

आज अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये मित्राच्या घरी तीन राय व्हिस्की आणि तीन रम, वहीत टिपणे करत, सावकाश चाखल्या. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. ते गव्हाच्या कुळातले धान्य आहे, आणि अमेरिकी कायद्यानुसार राय व्हिस्कीच्या धान्यमिश्रणात त्याचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते व ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. तिघींपैकी ज्या व्हिस्कीत राय सर्वाधिक होते, तिचा मिरी-लवंगेसारखा तिखटपणा जिभेच्या कडांवर बराच वेळ टिकला.

मन मात्र जमैकाच्या रमपाशी थांबले. ऊर्ध्वपातनानंतर भट्टीत उरणारा आंबट द्रव, ज्याला तिथे डंडर म्हणतात, पुढच्या आंबवणीत मिसळल्याने एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगे, वाढतात, आणि म्हणूनच पेला नाकाशी नेताच अतिपिकल्या केळ्याचा नि अननसाचा दरवळ येतो. चार थेंब पाणी घातल्यावर मद्यार्काचा झोंबरेपणा ओसरला आणि त्याखालून, कोल्हापूरकडे साखर कारखान्याजवळून जाताना येतो तसा, मळीचा ओळखीचा वास वर आला. रम आधी घेतली असती, तर तिच्या दरवळापुढे रायचे बारकावे कळलेच नसते. माझ्या वहीत पहिला क्रमांक या रमचाच आहे.