तुम्ही विचारलंत म्हणून: अभ्यासातले सुटतात, मग आमचे का नाही?

सांगली-मिरजेकडे व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही. "त्या गोळीनं शंभरातले 86 सुटतात म्हणे, मग आमचे हे दिवाळीलाच परत कसे प्यायले?" विचारणारी बहुतेकदा बायको असते. मागे सासू उभी असते आणि तिचं उत्तर ठरलेलं असतं: हिनंच गोळी नीट दिली नसणार. त्या सासूसाठी तरी हे एकदा सविस्तर लिहायला हवं.

86 हा आकडा खोटा नाही. 2004 साली मुंबईतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दारूचं व्यसन असलेले 100 पुरुष होते. निम्म्यांना डायसल्फिराम दिलं, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन. वर्षाअखेर पहिल्या गटातले 86 टक्के दारूपासून दूर होते, दुसऱ्यातले 44 टक्के. एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. हे शंभर जण निवडले कसे, ते मात्र कुणी सांगत नाही. उपचाराला पाठबळ देणारा आणि तपासणीला सोबत येणारा घरचा माणूस ज्याला आहे, त्यालाच त्यात घेतलं होतं.

ही अट साधी वाटते. पण डायसल्फिराम काम कसं करतं ते बघा. दारूतून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ही गोळी त्याचा निचरा अडवते. वर दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. पिण्याची ओढ ती फारशी कमी करत नाही; माणसाला थांबवते ती भीती. भीती टिकायची तर गोळी पोटात जायला हवी. शेवटच्या गोळीनंतर असर जास्तीत जास्त दोनेक आठवडे राहतो, त्यामुळे हिशेबी माणूस गावची जत्रा धरून आधीच गोळी टाळायला लागतो. म्हणजे सकाळी समोर उभं राहून गोळी गिळायला लावणारा हात हे निम्मं औषधच आहे. नाल्ट्रेक्सोनचं तसं नाही. ते पिण्यातली मजा कमी करतं. घरचं लक्ष त्यालाही उपयोगी पडतं, पण त्याचा सगळा भार त्या हातावर नसतो.

तेव्हा त्या अटीनं फक्त 'बरी' माणसं निवडली असं नाही, तर दोन औषधांच्या शर्यतीत एकाला जास्त हात दिला. संशोधकांनी यात काही लपवलेलं नाही. कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि भीतीवर चालणाऱ्या औषधात ते झाकणं तसंही अवघड, कारण खोट्या गोळीचीही भीती वाटतेच. घरचं पाठबळ असेल तर यातलं कोणतं औषध द्यावं, असा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मिळालं. त्यातला 'असेल तर' गाळून 86 सांगत सुटलो ते आम्ही, या क्षेत्रातले लोक. उमेद देणारा आकडा सांगायला कुणाला आवडत नाही!

आता आपल्याकडची माणसं बघा. विटा-आटपाडीचा गलाई (सोनं-चांदी गाळणारा) कामगार परराज्यात, बायको गावी. पाटणचा माथाडी वाशीच्या खोलीवर, सोबतीला पिणारेच. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं येतात, म्हणजे गोळी द्यायला माणूस आहे. पण हंगाम संपला की टोळी परत जाते आणि तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत नावापुढे 'संपर्क नाही' असं लागतं. शिवाय ज्याची बायको कंटाळून माहेरी गेली तो आहेच. व्यसन जितकं जुनं, तितकी ही शक्यता जास्त. यातला एकही त्या शंभरात बसत नाही.

(आणि भाजीत कालवून चोरून गोळी देऊ नका. माहीतच नसेल तर भीती कसली वाटणार? तो क्वार्टर मारेल आणि जिवावर बेतेल.)

"अभ्यास तिकडचे, आपली माणसं वेगळी" हे आमचं जुनं, ठेवणीतलं उत्तर. ते अर्धवट आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी केलेला अभ्यास 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 377 पुरुष, तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात 36 टक्के सावरलेले, दुसऱ्या गटात 26. ही तर शेजारचीच माणसं. पण घेतले ते 'ऑडिट' या, पिणं किती घातक ते मोजणाऱ्या, दहा प्रश्नांच्या आणि 40 गुणांच्या प्रश्नावलीत 12 ते 19 गुण मिळालेले. आमच्याकडे हात थरथरत दाखल होणारा बहुधा 20 गुणांच्या वर असतो. बाई तर त्या अभ्यासात एकही नव्हती. तरी जुनं उत्तर पुरतं टाकवतही नाही. अमेरिकेतल्या व्यसनोपचाराच्या दहा चाचण्यांमधले लोक तिथल्याच उपचार केंद्रांतल्या रुग्णांशी ताडून पाहिले, तेव्हा चाचणीतले जास्त शिकलेले आणि जास्त प्रमाणात नोकरीवाले निघाले.

यावर संख्याशास्त्राचा एक उपाय आहे. चाचणीत बेरोजगार 20 टक्के आणि बाहेर 60 टक्के असतील, तर चाचणीतल्या प्रत्येक बेरोजगाराला तिप्पट आणि बाकीच्यांना निम्मं वजन द्यायचं आणि हिशेब पुन्हा मांडायचा. पण वजन वाढलं की थोड्या माणसांवर सगळं तोललं जातं, आकडा डळमळतो. आणि ज्या प्रकारचा माणूस चाचणीत एकही नाही, त्याला किती वजन देणार? शून्याची तिप्पट शून्यच.

तरीही अटी काढून टाका असं म्हणवत नाही. यकृत बिघडून कावीळ झालेल्याला नाल्ट्रेक्सोनच्या चाचणीत घेणं धोक्याचं. नशेत किंवा थरथरत असलेल्याची संमती ही संमतीच नव्हे. अमेरिकेतल्या 2006 च्या 'कंबाइन' या दारूवरच्या औषधांच्या चाचणीत 1383 जण होते. औषध सुरू व्हायच्या आधी निदान चार दिवस कोरडे राहणं त्यांना सक्तीचं होतं. अट रास्त आहे. पण चार दिवस राहता येत नाही, हाच तर आमच्याकडच्या अनेकांचा आजार.

आणि उपचारापर्यंत पोचणं हीच मुळात मोठी चाळण आहे. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेल्या 37 जणांवर गोळी कशी चालेल, हे मुंबईचा अभ्यास सांगत नाही आणि आमचं रजिस्टरही सांगत नाही.

म्हणून यापुढे 86 म्हणालात, तर आधी उलट विचारणं होईल: रोज सकाळी गोळी कोण देणार, तो माणूस वर्षभर इथेच असणार का, आणि तो आजारी पडला तर कोण? यावर "कुणी नाही" असं उत्तर आलं तर 86 विसरा. मग किती धरायचे, ते मात्र विचारू नका. तसा अभ्यास माझ्यासमोर नाही, आणि सासूबाईंसमोरही नाही.