वीस पत्ते आणि दोन रिकाम्या जागा

दहावीचा मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा पाठ आला की मुलांकडून आवर्तसारणीचा रंगीत तक्ता करून घेतला जातो. तक्ता छान होतो, पण लिथिअमखाली सोडिअमच का, असं विचारलं की वर्ग गप्प. त्यापेक्षा मांडणी मुलांनाच शोधू द्या. दोन तासिका पुरतात.

जुन्या लग्नपत्रिकांचे एकाच मापाचे पत्ते कापा. सहा जणांच्या गटाला वीस पत्ते: हायड्रोजन, लिथिअम ते फ्लुओरीन सात, सोडिअम ते क्लोरीन सात, मग पोटॅशिअम, कॅल्शिअम, अर्सेनिक, सेलेनिअम, ब्रोमीन. पत्त्यावर नाव, अणुवस्तुमान, संयुजा (अणू किती बंध जोडतो तो आकडा) आणि धातू, अधातू की धातुसदृश (दोन्हींच्या मधला), एवढंच. शाई एकच वापरा, नाहीतर मुलं रंगावरून गट पाडतात. अणुअंक (अणूतल्या प्रोटॉनची संख्या) अजिबात नको. तो दिसला की विचार थांबतो आणि नुसते आकडे लावले जातात. राजवायूही (हेलिअम, निऑन वगैरे) वगळा, १८६९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हच्या मांडणीत ते नव्हतेच.

अटी दोनच: वस्तुमान चढत्या क्रमाने, आणि सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं एकाखाली एक. हायड्रोजन बाजूला ठेवायला सांगा, त्यावर शेवटी वाद घालू दे.

पहिला घोळ संयुजेवरून होतो. ती १, २, ३, ४, ३, २, १ अशी जाते, त्यामुळे फ्लुओरीन लिथिअमच्या खाली जाऊन बसतो. लगेच दुरुस्त करू नका. 'यातला धातू कोणता?' एवढंच विचारा.

खरी गंमत तिसऱ्या ओळीत आहे. कॅल्शिअम ४०.१, पुढचा पत्ता एकदम अर्सेनिक ७४.९. संयुजा ३, म्हणून बरेच गट तो अ‍ॅल्युमिनिअमखाली ठेवतात. मग संयुजा २ असलेला सेलेनिअम येतो सिलिकॉनखाली, आणि तिथे हवी असते ४. गाडी अडते. कुणीतरी अर्सेनिक दोन घरं सरकवून फॉस्फरसखाली नेतं आणि सगळं जुळतं. मधे दोन घरं मोकळी राहतात. ती मुलांनीच सोडायला हवीत, आपण बोट दाखवायचं नाही.

आता इंडिअम (११४.८) आणि कथिल (११८.७) द्या, मोकळ्या घरांखाली ठेवू द्या आणि वरच्या-खालच्या वस्तुमानांची सरासरी काढायला लावा. ७०.९ आणि ७३.४ येतात. त्या घरांतली खरी मूलद्रव्यं पुढे सापडली: गॅलिअम (शोध १८७५) ६९.७ आणि जर्मेनिअम (१८८६) ७२.६. मेंडेलीव्हचे अंदाज होते ६८ आणि ७२. गॅलिअमची घनता पहिल्यांदा ४.७ मोजली गेली, ती ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करा, असं त्याने कळवलं आणि तसंच निघालं. हे वर्गात जरूर सांगा. स्कँडिअम ते जस्त हे दहा धातू आपण मुद्दाम बाजूला ठेवलेत, हेही लपवू नका.

सगळ्यात शेवटी टेल्यूरिअम (१२७.६, संयुजा २) आणि आयोडीन (१२६.९, संयुजा १). इथे दोन्ही अटी भांडतात: वस्तुमानाने आयोडीन आधी, स्वभावाने टेल्यूरिअम आधी. अणुअंक उघड करायची वेळ ही: टेल्यूरिअम ५२, आयोडीन ५३. १९१३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्लेने अणुअंक प्रयोगाने पक्का केला.

उरलेल्या वेळात नमुने. कोल्हापुरात ते सहज मिळतात: उद्यमनगरातल्या फाउंड्रीतला बिडाचा तुकडा, हुपरीच्या पैंजणातली चांदी, राधानगरीकडचा बॉक्साइट. मात्र चांदी हुपरीत घडवतात, तिथे खाण नाही, हे बोलून टाका. बीड म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, त्यात कार्बन आणि सिलिकॉन असतात. बॉक्साइटशेजारी अ‍ॅल्युमिनिअमची तार ठेवा आणि दोन्ही हातात देऊन विचारा: यातलं मूलद्रव्य कोणतं, संयुगांचं मिश्रण कोणतं?