बूंदीचा रामशाही: दशकाचा घोळ आणि आईचा पाडवा

मंडळी, सुरुवात माघारीने. दिवाळीनंतरच्या नोंदीत मी छाती फुगवून सांगितलं होतं की ब-११, म्हणजे माझ्या बूंदीच्या नाण्यांतलं अकरावं, हा म्यूल आहे, दोन वेगळ्या वर्षांचे ठसे चुकून एकत्र आलेला रुपया. ते मागे घेतो. तुमच्यातल्या दोघांनी तेव्हाच "जरा थांब" म्हटलं होतं. त्यांचा चहा माझ्याकडे लागू.

आता झालं काय ते सविस्तर.

रामशाहीचं, म्हणजे राजपुतान्यातल्या बूंदी संस्थानच्या रामसिंहाच्या रुपयाचं, दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच. नाणं पाडायचा कोरीव ठसा मोठा, चांदीची चकती लहान. एका अंगाला इंग्रजी अक्षरांत 'क्वीन व्हिक्टोरिया' आणि इसवी सन, दुसऱ्या अंगाला नागरीत 'रंगेशभक्त बूंदीश रामसिंह' आणि संवत. एवढा मजकूर चकतीवर सगळा मावतोय कुठे! कुणाचा रंगेश कापलेला, कुणाचा राम. म्हणून तर हा उद्योग काढला: बारा नाणी, प्रत्येकाचा दिसणारा तुकडा ओएचपीच्या पारदर्शक शीटवर उतरवायचा आणि शीटा एकावर एक ठेवून अख्खा ठसा उभा करायचा.

घोडं अडलंय ते ब-७ वर. नागरी बाजूला संवताचे १ आणि ९ स्वच्छ, शेवटचा ५ स्वच्छ, आणि मधल्या दशकाच्या अंकाचं डोकं चकतीबाहेर. दिसते ती फक्त खालची शेपटी, उजवीकडे वळलेली. शेपटी २ लाही असते, ३ लाही असते. मग म्हटलं इंग्रजी बाजू सोडवेल. तिथे सनाचा शेवटचा ८ तेवढा दिसतो, बाकी सन हवेत. आता गंमत बघा. संवत १९२५ मधून ५७ वजा केले की इसवी सन १८६८. १९३५ मधून केले की १८७८. दोन्हीकडे शेवटी ८! म्हणजे हा आठ काहीच सांगत नाही. महिनाभर मी या आठाकडे बघत बसलो होतो.

त्यात दिवाळीला ब-११ आला. नागरी बाजू बघितल्या बघितल्या ओळखीची वाटली. 'बूंदीश'मधल्या श च्या काठीपासून कडेकडे जाणारी एक बारीक तिरपी रेघ, आणि 'भक्त'मधल्या भ च्या पोटात तुटलेला कण. ठशाला तडा गेला की नाण्यावर तो उंच रेघ होऊन उमटतो, आणि असा तडा दोन ठशांना एकसारखा जात नाही. ब-७ ची शीट वर ठेवली, रेघ रेघेवर बसली. एकच ठसा! आनंदाने नाणं उलटलं, तर इंग्रजी बाजूला शेवटचा अंक ९.

तिथे माझी मती फिरली. संवताच्या शेवटी ५ आणि सनाच्या शेवटी ९, म्हणजे फरक ५६. ५७ पाहिजे. अर्थात टांकसाळीत कुणीतरी जुना नागरी ठसा पुढच्या वर्षीच्या इंग्रजी ठशाबरोबर जोडला, म्हणून म्यूल. इतकं सरळ वाटलं की मी त्याच रात्री लिहून मोकळा झालो.

गेल्या आठवड्यात आईला हे समजावून सांगत होतो. तिला नाण्यांत रस शून्य, पण हिशेबात कुणी चुकलं की तिला राहवत नाही.

"सत्तावन्न कोणत्या महिन्यात वजा करायचे?" तिने विचारलं.

"महिन्याचा काय संबंध?"

"अरे, पाडव्याच्या आधी की नंतर? तुझ्या आजोबांचा जन्म शके १८४५, माघातला. तुम्ही पोरांनी अठ्ठ्याहत्तर मिळवून १९२३ काढलंत आणि पंचाहत्तरी एक वर्ष आधीच करायला निघालात. दाखल्यावर १९२४ निघालं. जानेवारीत तुमचा सन बदलतो, शक थोडाच बदलतो?"

मी गप्प. पंचाहत्तरीचा तो गोंधळ मला चांगला आठवतो, हॉलची आगाऊ रक्कम गेली होती.

शकाला ७८ की ७९ हा घोळ आपल्याकडे घरोघरी माहीत असतो, आणि तोच संवताला लावायचं मला सुचलं नाही. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ५७, जानेवारीपासून संवत पालटेपर्यंत ५६. राजपुतान्यात तर आणखी एक मेख आहे. मेवाड-मारवाडच्या दरबारी व्यवहारात वर्ष श्रावणात पालटायचं. बूंदीच्या टांकसाळीत कुठला रिवाज होता त्यावर ५६ चा काळ तीन महिन्यांचा की सहा-सात महिन्यांचा हे ठरेल, पण काळ आहेच. संवत तोच, नागरी ठसा तोच, १ जानेवारी उजाडली, इंग्रजी ठसा तेवढा नवा आला. ब-११ मध्ये चूक काहीच नाही. चूक माझ्या वजाबाकीत होती.

नुसत्या तर्कावर तुम्ही ऐकणार नाही, मीही ऐकलं नसतं. म्हणून त्या तड्याकडे परत गेलो. तर्क खरा असेल तर ८ वाला ब-७ आधी पाडलेला असणार आणि ९ वाला ब-११ नंतर, आणि तडा कधी मिटत नाही, वाढतच जातो. दोन्ही नाणी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, टॉर्च डावीकडून अगदी आडवा धरला. ब-७ वर रेघ श च्या काठीपासून निघून अर्ध्या वाटेत विरते. ब-११ वर तीच रेघ थेट कडेपर्यंत गेलीय आणि तिला वरच्या बाजूला एक फाटाही फुटलाय. भ च्या पोटातला कणही ब-११ वर मोठा. आठ आधी, नऊ नंतर! सकाळचे पावणेसात वाजले होते, घरात कुणी उठलं नव्हतं, आणि मी एकटाच खिडकीत उभा राहून हसत होतो. म्यूल गेला, पण एकाच ठशाच्या दोन अवस्था सनाच्या क्रमाने हाती आल्या. मला हे म्यूलपेक्षा मोठं वाटतं. काहींना वाटणार नाही, चालेल.

जाता जाता हत्यारांबद्दल. संगणकाला जोडायचा तो सूक्ष्मदर्शक, ज्याचं मी पावसाळ्यात कौतुक केलं होतं, कपाटात गेला. त्याचे दिवे भिंगाभोवती गोल असतात, उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि सावलीच पडत नाही. तडा दिसतो तो सावलीमुळे. सराफाचं दहापटीचं भिंग आणि सात-आठशेचा टॉर्च, बास. स्कॅनरवर तर नाणी ठेवूच नका, उंचसखलपणा सगळा पुसला जातो. आणि चिंच-लिंबाने चांदी उजळणाऱ्यांना माझा पुन्हा एकदा कोपरापासून नमस्कार.

दशकाच्या अंकाचं घोडं मात्र तिथेच. १९२५/१८६८-६९ की १९३५/१८७८-७९, दोन्ही जोड्या अजून तितक्याच शक्य. १९१५ बाद, कारण १ ची शेपटी अशी वळत नाही.

यावर उपाय म्हणून ब-१२ घेतला, आणि इथे डोक्याला खरा ताप झाला. फोनवर फोटो आला होता, थोडा धूसर. श चा तडा ओळखू येत होता आणि चकती नेमकी त्या बाजूला सरकलेली, म्हणजे दशकाच्या अंकाचं डोकं दिसायलाच हवं होतं. व्यापारी म्हणाला, "साहब, एकदम क्लिअर पीस है." भाव मी तोंडातल्या तोंडात पुटपुटला तरी तुम्ही रागवाल, म्हणून सांगत नाही. पाकीट आलं, फोडलं. रुपयाला कधीकाळी कडी लावून गळ्यात घातलेलं. कडी काढून कानशीने घासलेली. आणि सोनाराचा टाका नेमका कुठे? दशकाच्या अंकावर. १, ९, मग चांदीचा एक गुळगुळीत फोड, मग ५. सगळ्या परिघावर दुसरी जागाच मिळाली नाही त्या सोनाराला! परत करू म्हटलं तर "कडी तो फोटो में दिख रही थी" असं उत्तर आलं. नव्हती दिसत. यापुढे दोन बाजू आणि कड असे तीन फोटो आल्याशिवाय एक पैसा पाठवणार नाही, हे लिहून ठेवतो म्हणजे तुम्ही मला आठवण कराल.

एका अंकासाठी एवढा जीव का काढतोय, असं मागे एकाने विचारलं होतं. कारण १८६८-६९ हे राजपुतान्यातल्या भीषण दुष्काळाचं वर्ष. माणसं गुरं घेऊन माळव्याकडे निघाली होती. तिथल्या लोकांनी पुढच्या एका दुष्काळाचं नावच संवतावरून ठेवलंय, १९५६ चा छप्पनिया. माझा ठसा १९२५ चा निघाला तर तो ऐन त्या वर्षात तडा जाईपर्यंत राबवलेला ठसा ठरेल, आणि मग अशा वर्षी टांकसाळ इतकी का चालली हा पुढचा प्रश्न. १९३५ निघाला तर ही सगळी कथा फुसकी. मला २ हवाय, हे मी कबूल करतो, आणि म्हणूनच त्या शेपटीत मला हल्ली २ दिसायला लागलाय. हे लक्षण बरं नव्हे.

मजकुराबद्दलही थोडं. रामसिंह १८२१ मध्ये पोरवयात गादीवर आला आणि १८८९ पर्यंत राहिला, अडुसष्ट वर्षं. बूंदीशी इंग्रजांचा तह १८१८ चा. १८५७ साली याने इंग्रजांना दिलेली साथ इतकी कोमट होती की त्यांच्या दप्तरात तशी नोंद पडली. आणि लगेच पुढे दिल्लीच्या बादशहाचं फारसी नाव उतरवून नाण्यावर राणीचं नाव चढलं, तेही इंग्रजी लिपीत! पण नाणं उलटा. तिथे तो राणीचा कुणी नाही, रंगनाथजींचा भक्त आणि बूंदीचा ईश. एका रुपयात दोन्ही धन्यांची सोय. मला हा हाडा कुळातला राजा त्यासाठी आवडतो.

आणि आपला संबंध विचाराल तर तो आहेच, फार अभिमानाचा म्हणता येणार नाही असा. त्याच्या कितीतरी आधी बूंदीच्या बुधसिंहाची गादी जयपूरच्या सवाई जयसिंहाने काढून दलेलसिंहाला दिली, तेव्हा बुधसिंहाच्या राणीने, ती जयसिंहाचीच बहीण, मल्हारराव होळकरांना राखी बांधली आणि सहा लाखांची बोली झाली. १७३४ च्या एप्रिलमध्ये होळकर आणि राणोजी शिंदे यांनी बूंदी घेतली. मराठी फौजा माघारी वळल्या आणि दलेलसिंह पुन्हा गादीवर. बुधसिंहाच्या मुलाला, उम्मेदसिंहाला, गादी मिळायला १७४८ उजाडलं, तेव्हाही मागे मल्हाररावच. त्यानंतरची खंडणीची रड वेगळीच.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. मी आकड्याच्याच मागे लागलोय, पण अक्षरांचं काय? ठसे हाताने कोरलेले, कोरणारा बदलला की वळण बदलतं. ब-११ चा भ बघा: डावीकडची गाठ उघडी आहे, तिचं तोंड पूर्ण मिटलेलं नाही. ब-२ आणि ब-३ १८८० च्या आसपासचे आहेत, त्यांचे सन वाचता येतात. आत्ता उठून बघून आलो. दोन्हींवर ती गाठ मिटलेली, गोल मण्यासारखी. दोन नाण्यांवरून निकाल देत नाही, म्यूलचा चटका ताजा आहे. पण १८६० च्या दशकातल्या पूर्ण सनाच्या नाण्यावर भ उघडा निघाला, तर माझा ठसा त्या टोकाला सरकेल. आकडा न वाचता!

त्यामुळे बेत बदलला. या नोंदीच्या शेवटी शेजारच्या कोटा संस्थानच्या नाण्यांकडे वळतो असं सांगणार होतो, कोट्याचे चार रुपये काढूनही ठेवले होते. ते परत डबीत गेले. बूंदीचेच पुढचे रुपये, १८८६ नंतरचे कटारशाही आणि १९०१ चे चेहरेशाही, तेही तूर्त बाजूला. (मराठवाड्यातल्या मित्रांसाठी: बूंदीतही 'हाली' म्हणत, पण तुमच्या निजामी हाली शिक्क्याशी त्याचा काही संबंध नाही, पुन्हा विचारू नका.) आता फक्त रामशाही, आणि त्यातही फक्त भ.

तर मागणं एवढंच. ज्यांच्याकडे सन पूर्ण वाचता येणारा साठीच्या दशकातला रामशाही आहे, त्यांनी नाणं पाठवू नये, फोटोही नको. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, नाण्यावर ताणून बसवा, खोडरबराच्या टोकाने 'भक्त'वर हलकेच दाबा आणि तो ठसा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून टपालाने पाठवा. पत्ता ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. फॉइल चपटी झाली तर उपयोग नाही, मागच्या खेपेला एकाने वहीत घालून पाठवली होती. ब-१२ ची कडी काढणाऱ्या सोनाराने निदान भ सोडलाय, तो उद्या सकाळी खिडकीत बघतो.