गावची बोली नोंदवायची तर सलग बोलणं नोंदवा

लई, वाईच, बिगीबिगी, कोरड्यास. सातारा-सांगलीच्या बोलीच्या अशा शब्दयाद्या मोबाईलवर खूप फिरतात. करणाऱ्यांचं प्रेम खरं असतं, पण यादीतून बोली हाती लागत नाही. यातले पुष्कळ शब्द शेजारच्या जिल्ह्यांतही चालतात. बोलीचा कणा क्रियापदांत, प्रत्ययांत आणि उच्चारांत असतो: ‘आला होता’चं ‘आल्ता’, ‘आम्हाला’चं ‘आमास्नी’, ‘करून’चं ‘करूनशान’, ‘कोण’चं ‘कोन’. ही रूपं सुटी विचारली की माणूस सावध होतो आणि शाळेतलं मराठी बोलू लागतो. ती मिळतात सलग बोलण्यात. म्हणून ध्वनिमुद्रण पाहिजे, आणि ते नीट पाहिजे.

आधी झालेल्या कामांतून यातलं बरंच शिकता येतं. जर्मनीत गेऑर्ग वेंकरनं १८७६ पासून ठरावीक वाक्यं शाळामास्तरांना टपालानं पाठवून त्यांच्या गावच्या बोलीत लिहून मागवली. उत्तरं हजारोंनी आली, पण प्रत्येक मास्तरानं आपल्या समजुतीप्रमाणे लिहिलेलं, त्यामुळे उच्चार अंदाजानंच ठरवावा लागे. फ्रान्समध्ये झिलिएराँनं उलट केलं. एदमाँ नावाचा तीक्ष्ण कानाचा एकच माणूस ६३९ ठिकाणी फिरवला, त्यामुळे सगळी नोंद एकाच कानाची झाली. आपल्याकडे ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बोलीबोलीतून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट आहे. तुलनेला ती फार उपयोगी आहे, पण भाषांतर करताना माणूस समोरच्या मजकुराच्या वळणानं जातो, हा तिचा दोष राहतोच. म्हणून कुणालाही ‘हे वाक्य तुमच्या बोलीत सांगा’ म्हणू नका.

मग विचारायचं काय? कामाची कृती विचारा. कराडकडे गुऱ्हाळाचं विचारा: रस काहिलीत पडल्यापासून ढेप निघेपर्यंत काय काय होतं, मळी कधी काढायची, पाक झाला हे गुळव्याला कसं कळतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीच्या पेवांचं, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांचं विचारा: पेव भरायचं कसं, तोंड बंद कसं करायचं, उघडल्या उघडल्या आत का उतरायचं नाही. पेवांचा वापर आता जवळपास थांबलाय, त्यामुळे हे सांगू शकणारी माणसं वयस्कच आहेत. तिथं आधी जा. विहिरीतनं बैलांनी पाणी ओढायच्या मोटेचंही तसंच. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं हे शब्द तर मिळतातच, पण ‘बैल मागं सारायचा, मग सोंदूर सोडायचा’ अशा सांगण्यात ‘-यचं’, ‘-लं की’, ‘-ऊनशान’ ही सगळी रूपं न मागता येतात.

कृतीच्या सांगण्यात भूतकाळ मात्र कमी येतो. त्यासाठी गोष्ट लागते. अमेरिकेत विल्यम लबॉव्हनं न्यूयॉर्कच्या बोलीवर काम करताना लोकांना जिवावर बेतलेल्या प्रसंगाबद्दल विचारलं होतं. असं सांगताना माणूस आपल्या भाषेवरचं लक्ष सोडतो. आपल्याकडे माण-खटाव, आटपाडी, जतला १९७२ चा दुष्काळ विचारा. पाटण खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप विचारा. ‘आम्ही बाहेर पळालो, तवर भित पडलीती’ असं वाक्य कुठल्याही प्रश्नावलीतून निघणार नाही.

काही रूपं तरीही निसटतात. त्यांच्यासाठी प्रसंग उभा करा, वाक्य देऊ नका. ‘पोरगं सकाळी येऊन परत गेलं, हे शेजारणीला कसं सांगाल?’ यातून ‘आलतं’ मिळतं. बाईकडून ‘मी आले’, ‘मी आली’ की ‘मी आलो’, हे जरूर तपासा. कोल्हापूर आणि त्याला लागून असलेल्या सांगलीच्या भागात बायकांच्या तोंडी ‘मी आलो’, ‘मी जातो’ सर्रास ऐकू येतं. ते नेमकं कुठल्या गावापर्यंत आहे हे गावागावाच्या नोंदीशिवाय ठरणार नाही.

माणूस निवडताना जुन्या सर्वेक्षकांची ओढ गाव न सोडलेल्या वयस्क पुरुषांकडे असे. तेवढंच धरलं तर निम्मं गाव सुटतं. बाईला घ्या आणि तिचं माहेर, लग्नाचं वय, सासरी किती वर्षं झाली हे लिहून ठेवा, म्हणजे माहेरची रूपं वेगळी काढता येतात. विटा-खानापूर भागातली गलाईची कुटुंबं देशभर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत. पाटण-जावळीतून मुंबईला माथाडी कामाला गेलेली घरं पुष्कळ. अशा माणसांचं बोलणं टाकाऊ समजू नका, फक्त बाहेरची वर्षं आणि ठिकाणं नोंदवा. जतकडे घरात कन्नड आणि बाजारात मराठी असं चालतं. तिथं दोन्ही भाषांतलं बोलणं घ्या आणि घरात, रानात, बाजारात कुठली भाषा हे विचारा. नुसतं ‘मिश्र मराठी’ लिहिलं तर पुढं त्याचा कुणाला उपयोग होत नाही.

बसायला एकाच गावची, ओळखीची दोन माणसं एकत्र बसवा आणि आपण कमी बोला. तुम्ही ‘विहीर’ म्हणालात की तेही ‘विहीर’ म्हणतील. गप्प राहिलात तर ‘हीर’ येईल. पहिली दहा मिनिटं बहुधा औपचारिक असतात. ती पुसू नका, पण निष्कर्ष त्यांवर काढू नका.

मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो करा. मिनिटाला सुमारे ६ एमबी, तासाला ३५० च्या आत, म्हणजे साध्या फोनलाही जड नाही. फोनचं मूळ अ‍ॅप बहुतेकदा आवाज दाबून साठवतं, म्हणून डब्ल्यूएव्ही देणारं वेगळं अ‍ॅप घ्या आणि आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद ठेवा; ती गोंगाटाबरोबर ‘स’, ‘च’ यांची टोकंही खाते. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, पदराच्या घासणीपासून लांब. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. आवाज एकदा फाटला की नंतर दुरुस्त होत नाही. पत्र्याची खोली आणि मोकळी सिमेंटची खोली दोन्ही वाईट, आवाज घुमतो. वाकळा, पोती असलेली माजघराची खोली चांगली. पंखा बंद करा. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज म्हणून पाठवू नका, तिथं ती परत दाबली जाते.

सुरुवातीलाच संमती तोंडी मुद्रित करून घ्या: कशासाठी, कोण ऐकणार, नको वाटलं तर काढून टाकू. गप्पांत भावकीचे, बांधाचे वाद निघतात. कुणाचं नाव आलेला तेवढा भाग बाहेर देण्याच्या प्रतीतून कापा.

लिहून काढण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण हात आपोआप शुद्धलेखन करतो. ‘पानी’ ऐकलं तर ‘पानी’च लिहा. एकाच माणसानं दोन वाक्यांत ‘पाणी’ आणि ‘पानी’ म्हटलं तर दोन्ही तसंच ठेवा, तो फरकच महत्त्वाचा आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च देवनागरीत सारखा दिसतो, म्हणून दंततालव्य (‘चारा’तल्यासारख्या) च, ज खाली नुक्ता (टिंब) द्या आणि ते नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ईलान हे फुकट सॉफ्टवेअर आवाजाच्या पट्टीखाली ओळ जोडून देतं, त्यामुळे शंका आली की तेवढाच तुकडा परत ऐकता येतो. तासाभराच्या गप्पांना दहा-बारा तास धरा. तेवढा वेळ नसेल तर पंधराच मिनिटं लिहा, पण पूर्ण लिहा.

फाइलच्या नावात गाव, तालुका, तारीख आणि माणसासाठी एक क्रमांक घाला. खरं नाव वेगळ्या वहीत ठेवा. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरात, आणि एक प्रत ज्यांचा आवाज आहे त्यांच्या घरी. तुलनेसाठी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन उघडं आहे. आपल्या तालुक्यातलं कुठलं गाव त्यात आलं नाही ते बघा आणि तिथून सुरुवात करा.